धामणगाव गेलं का?

२०२५च्या जूनअखेरीस आम्ही डोंबिवलीहून गाडीनं नागपूरला गेलो. प्रतापनगरात आईच्या फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ट्रिप मीटरवर ७४२ किलोमीटर दिसत होते. चहा होईपर्यंत मुलानं आजीला तो आकडा सांगितला. आई लगेच म्हणाली, ''काहीतरी सांगू नको. मुंबई-नागपूर आठशे सदतीस. तुझ्या आजोबांना तोंडपाठ होतं ते.'' शेजारी बसलेल्या भाच्यानं फोनमध्ये पाहिलं आणि म्हणाला, ''आजी, विमानानं तर सहाशे त्र्याऐंशीच आहे.'' आईनं आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं. ''मग खरं कोणतं वं ह्यातलं?''

मी ३६ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. अंतर मोजायला शिकवणं हे माझं कामच होतं. तरी त्या दिवशी आईला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, कारण तिन्ही आकडे खरे होते. ते कसे, हे तिला मी पुढचे दोन दिवस तुकड्यातुकड्यानं सांगितलं. तेच इथे लिहिते आहे.

आईचा ८३७ हा रेल्वेचा आकडा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर स्टेशनपर्यंत लोहमार्गाची लांबी तेवढी आहे. आम्ही कल्याणहून गाडी धरायचो, म्हणजे त्यातले ५३-५४ वजा, पण बाबांनी ते कधी वजा केले नाहीत. डाक खात्यातल्या माणसासाठी मुंबई म्हणजे बोरीबंदर. नकाशा पुढ्यात घ्या आणि या मार्गाचं वळण बघा. गाडी कसाऱ्याचा घाट चढते, इगतपुरी, नाशिकरोड, मनमाड, जळगाव करत भुसावळला जाते. भुसावळ आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, दोन्ही एकवीसच्या किंचित वर. म्हणजे आपली गाडी आधी ईशान्येला चढत नागपूरच्या पातळीला पोचते आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा असं पूर्वेला जाते. काटकोन त्रिकोणाचा कर्ण सोडून दोन बाजूंनी चालल्यासारखं. जास्तीचे किलोमीटर त्या कोपऱ्यात आहेत.

इंग्रजांना हा कोपरा चुकवायचा नव्हताच. १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोचले ते वऱ्हाड-खानदेशातला कापूस मुंबईच्या बंदरात नेण्यासाठी. जिथे कापूस तिथून रस्ता. लोहमार्गाला चढही सोसत नाही. कसारा घाटात ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ आहे, तर तेवढ्यासाठीही मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. सपाटीचा लांबचा रस्ता रुळांना परवडतो, चढाचा जवळचा नाही. हे वर्गात सांगितलं की मुलांना पटायचं, कारण कसाऱ्याला गाडी थांबते, मागून धक्का बसतो आणि इंजिन जोडल्याचा आवाज येतो, हे त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलेलं असायचं.

आता भाच्याचा आकडा. ६८३ हे मुंबई विमानतळ ते नागपूर विमानतळ हवाई अंतर. त्याला हवाई म्हणत असले तरी ते विमानांपेक्षा कितीतरी जुनं आहे. दोन ठिकाणांमधलं सरळ रेघेतलं अंतर, ज्या रेघेवरून कोणी चालत नाही, ते मोजण्याचं वेड दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाला लागलं होतं आणि त्याची कबर आईच्या माहेरी, हिंगणघाटला आहे.

विल्यम लॅम्बटन त्याचं नाव. १८०२ च्या एप्रिलमध्ये त्यानं मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी शंभर फुटी पोलादी साखळी टाकून सुमारे १२ किलोमीटरची एक सरळ रेघ मोजली. साखळी उन्हानं लांबते म्हणून सावलीत ठेवून, तापमान नोंदवून. हातानं एवढी एक रेघ मोजली की पुढचं काम कोनांवर. रेघेच्या दोन्ही टोकांवरून दूरची एक टेकडी बघायची, दोन कोन घ्यायचे, त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानं काढायच्या. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. अशी त्रिकोणांची माळ ओवत, कोन मोजायचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट बैलांवर-हमालांवर लादून, तो दक्षिणेकडून वर वर सरकत आला. मध्ये दरी असो, नदी असो, जंगल असो, दोन टेकड्यांमधलं अंतर त्याला न चालता कळायचं. नागपूरकडे निघालेला असताना जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला. पुढे हेच काम जॉर्ज एव्हरेस्टनं हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. एव्हरेस्टचं नाव शिखराला मिळालं आणि सगळ्या जगाला माहीत झालं. लॅम्बटन हिंगणघाटला पडून आहे आणि गावातल्याही फार थोड्यांना तो कोण होता हे ठाऊक आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आमच्या विदर्भातल्या प्रत्येक शाळेची एक तरी सहल त्या कबरीपाशी जायला हवी.

लॅम्बटनला २१ वर्षं लागली, पण त्याच्या आणि त्याच्या मागच्या लोकांच्या कष्टामुळे आज आपल्याला हे काम पाठकोऱ्या कागदावर करता येतं. आठवीचा मुलगाही करेल. मी आईसमोर केलं तसं दाखवते.

मुंबई विमानतळ आहे १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्वेला. नागपूरचं विमानतळ २१.०९ अंश उत्तर, ७९.०५ अंश पूर्वेला. म्हणजे नागपूर मुंबईपेक्षा २ अंश उत्तरेला आणि ६.१८ अंश पूर्वेला. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, कुठेही गेलात तरी जवळपास तेवढाच. तेव्हा २ अंशांचे झाले २२२. पूर्व-पश्चिम अंशाचं मात्र तसं नाही. इथे मी घरातलं संत्रं सोललं. संत्र्याची फोड मधोमध रुंद असते आणि दोन्ही टोकांना निमुळती होत जाते. रेखांशांमधली जागा अगदी तशी. विषुववृत्तावर एका अंशाची रुंदी १११ किलोमीटर, ध्रुवावर शून्य, आणि मुंबई-नागपूरच्या मधल्या अक्षांशावर साडेएकशेचार. ६.१८ गुणिले १०४.५, झाले ६४६. आता पायथागोरस. २२२ चा वर्ग ४९,२८४. ६४६ चा वर्ग ४,१७,३१६. बेरीज ४,६६,६००. वर्गमूळ ६८३.

भाच्याच्या फोनमधला आकडा कागदावर उतरला तेव्हा तोच जास्त चकित झाला. त्याला वाटत होतं, उपग्रह वरून पट्टी लावून मोजतो. फोन थोडं अवघड सूत्र वापरतो, कारण पृथ्वी गोल आहे आणि पायथागोरसचा त्रिकोण सपाट कागदावरचा. पण एवढ्या अंतराला फरक नगण्य. दोन दूरची शहरं घेतली की मात्र सपाट कागद फसवतो. वर्गात मी पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात दोरा ताणून धरायला लावायची. भिंतीवरचा नकाशा पाहून मुलं ठाम असायची की दोरा अरबस्तान, आफ्रिकेचा वरचा भाग, अटलांटिक असा आडवा जाणार. ताणल्यावर तो सरकत सरकत वर जायचा आणि स्वीडनवरून जायचा. दर वर्षी एक तरी मुलगा दोरा हातानं खाली ओढून बघायचा आणि म्हणायचा, बाई, आता दोरा पुरत नाही. तेवढ्या एका क्षणासाठी मी तो तास वर्षभर राखून ठेवत असे.

आईनं मध्येच विचारलं, ''जमीन गोल आहे तर मग सरळ कशी म्हणता?'' वयाच्या ८८ व्या वर्षी हा प्रश्न सुचणं मोठी गोष्ट आहे, आणि प्रश्न अचूक आहे. ६८३ ही जमिनीच्या गोलाईला धरून जाणारी रेघ. खरोखरची सरळ रेघ काढायची तर मुंबईहून नागपूरला जमिनीतून बोगदा खणावा लागेल. हिशेब केला तर तो बोगदा फक्त ३३० मीटरनं जवळ पडतो. पण मधोमध, म्हणजे देऊळगावराजाच्या आसपास, तो जमिनीखाली ९ किलोमीटर खोल असेल. मुंबई आणि नागपूर यांच्यामध्ये पृथ्वी एवढी फुगलेली आहे आणि आपल्याला ती सपाट वाटते. विमान साधारण १० किलोमीटर उंचीवरून जातं. त्या गोलाईमुळे आणि उंचीमुळे त्याचं अंतर वाढतं ते जेमतेम एक किलोमीटर.

विमानाचं अंतर वाढतं ते दुसऱ्याच कारणानं. मुंबईत बहुतेक वेळा विमान पश्चिमेकडे तोंड करून उडतं. वारा समुद्राकडून येतो आणि विमानाला उडताना वारा समोरून लागतो. त्यामुळे पूर्वेला नागपूरकडे निघालेलं विमान आधी जुहू-वर्सोव्याच्या पलीकडे अरबी समुद्रावर जातं आणि तिथून वळून परत मुंबई ओलांडतं. खिडकीशी बसलात तर समुद्र दिसतो, मग झोपडपट्ट्यांची निळी प्लास्टिकं दिसतात, मग सह्याद्री. पुढे ठरलेले हवाई मार्ग असतात, त्यांचे ठरलेले बिंदू असतात, धावपट्टी मोकळी नसेल तर घिरट्या असतात. ६८३ मध्ये पाच-पन्नास किलोमीटर सहज मिळतात. वैमानिक ते सागरी मैलात मोजतात. सागरी मैल म्हणजे अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग, १.८५२ किलोमीटर. त्या मापात नागपूर ३६९ मैल. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचे वारे असतात, तेव्हा नागपूरला जाताना ते पाठीशी येतात आणि परतताना छातीवर. अंतर तेच असतं, पण परतीला वेळ जास्त लागतो.

हवाई अंतराची गोष्ट निघाली आणि आई बाबांवर आली. माझे वडील १९५२ साली नागपूरला डाक खात्यात लागले आणि पुढे काही वर्षं त्यांची रात्रपाळी सोनेगावच्या विमानतळावर होती. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई डाक सुरू झाली होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार ठिकाणांहून संध्याकाळनंतर विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला चारही सोनेगावला उतरायची. थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातली मद्रासची थैली मद्रासच्या विमानात, कलकत्त्याची कलकत्त्याच्या विमानात. मग चारही विमानं आली तिकडे परत. सकाळी मुंबईकराच्या दारात कलकत्त्याचं पत्र. देशाचा मध्य म्हणजे काय, हे मला पाठ्यपुस्तकातून नाही, बाबांच्या झोपाळू डोळ्यांमधून कळलं. ते पहाटे घरी यायचे. अंगाला पोत्याचा आणि पेट्रोलचा वास असायचा.

नागपूरच का, हेही त्याच अंतरांमध्ये आहे. हवाई रेघेनं नागपूरहून मुंबई ६८३, दिल्ली साडेआठशे, मद्रास नऊशेच्या थोडं वर, कलकत्ता हजाराला थोडं कमी. चारही बाजूंना साधारण सारखा पल्ला असलेलं दुसरं शहर देशात नव्हतं. त्या काळची डाकोटा विमानं ताशी पावणेतीनशेच्या आत-बाहेर उडायची. म्हणजे मुंबईची थैली अडीच तासांत नागपुरात. बाबा म्हणायचे, मुंबई जवळ आहे, अडीच तासांची. त्याच बाबांना ८३७ तोंडपाठ होतं. थैलीचं अंतर वेगळं आणि माणसाचं वेगळं, हे त्यांना पक्कं माहीत होतं, कारण स्वतः ते जन्मात कधी विमानात बसले नाहीत.

१९९४ च्या मार्चमध्ये बाबा गेले. दुपारी शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला. विमानाचं तिकीट आमच्या ऐपतीबाहेर होतं. रात्रीच्या गाडीला जागा नव्हती आणि दोन्ही मुलं लहान होती. एका खासगी बसमध्ये दोन सीटा मिळाल्या. तेव्हाचा रस्ता नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असा, आठशेच्या बराच वर. घाटात ट्रक अडकलेला होता, तिथे तीन तास गेले. धुळ्याच्या पुढे बसच बिघडली. मी रस्त्याच्या कडेला बसून मैलाचा दगड वाचत होते, त्याच्यावर नागपूर होतं आणि पुढे आकडा होता. तो आकडा किती होता हे मला आजही आठवतं, पण लिहावंसं वाटत नाही. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकून माणसं परतली होती.

त्यानंतर मी अंतराचा धडा वेगळ्या तऱ्हेनं शिकवायला लागले. मुलांना नुसतं 'अमुक ते तमुक किती?' असं विचारणं बंद केलं. कुठून कुठे, कशानं, आणि कोण जाणार, हे आधी सांगा, मग आकडा.

'कुठून कुठे' हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. मुंबई म्हणजे नेमकी कुठली? जुन्या मुंबईत याचं उत्तर ठरलेलं होतं. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ साली उघडलेलं. तिथून शून्य धरून इंग्रजांनी शहरभर काळ्या पाषाणाचे मैलाचे दगड रोवले, रोमन आकडे कोरून. रस्ते वर वर येत गेले तसे ते फुटपाथमध्ये गाडले गेले, त्यातले काही महापालिकेनं अलीकडे खणून पुन्हा उभे केले आहेत. नागपूरचा शून्यही प्रसिद्ध आहे. झिरो माइलचा वालुकाश्माचा खांब, चार घोडे, आणि खांबावर कोरलेली गावांची नावं व मैल. तो दगडही लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या घराण्यातला. या दोन दगडांमधलं हवाई अंतर मी काढलं, ते सुमारे ६९८ भरतं. विमानतळापेक्षा १५ जास्त. कारण मुंबई विमानतळ फोर्टच्या उत्तरेला आहे आणि झिरो माइल सोनेगावच्या उत्तरेला. तेव्हा हवाई अंतर सुद्धा एक नाही.

आणि डोंबिवलीकरासाठी मुंबई विमानतळ म्हणजे आधी उलट दिशेनं ४० किलोमीटर. नागपूर पूर्वेला आणि मी पहाटे पश्चिमेला निघते! दोन तास रस्त्यात, दीड तास तपासणी आणि वाट बघण्यात, दीड तास हवेत, उतरून सामान घेऊन प्रतापनगरला पोचेपर्यंत आणखी एक. सहा-सात तास होतात. गाडीनं साडेनऊ तास लागले. रेल्वेनं रात्र जाते, पण ती झोपेत जाते.

आता आमच्या मुलाचा ७४२. समृद्धी महामार्ग अधिकृतपणे ७०१ किलोमीटरचा. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत. दोन्ही शहरांच्या बाहेरच तो सुरू होतो आणि बाहेरच संपतो, उरलेले ४१ आमचे घर ते आमणे आणि शिवमडका ते प्रतापनगर. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा ५ जून २०२५ ला. आमणे आणि शिवमडका यांच्यातलं हवाई अंतर काढलं तर ६४० च्या आसपास येतं. म्हणजे शंभर किलोमीटर हवाई अंतरामागे रस्ता जेमतेम दहा किलोमीटर जास्त. माझ्या आयुष्यात मी मोजलेल्या लांबच्या रस्त्यांमध्ये एवढा सरळ दुसरा नाही. रेल्वेचं तेच प्रमाण शंभराला वीस जास्त. आणि महाबळेश्वर ते पोलादपूर बघा. सरळ रेघेत २१ किलोमीटर, पण आंबेनळी घाटानं ४०. शंभराला नव्वद जास्त. दोन गावांमधल्या जमिनीचा स्वभाव कळून घ्यायचा असेल तर ही दोन अंतरं शेजारी मांडून भागाकार करावा. एकाच्या जवळचं उत्तर आलं तर पठार, दोनच्या जवळ आलं तर मध्ये डोंगर, दरी नाहीतर खाडी.

समृद्धी सरळ आहे कारण लाव्ह्याचं दख्खनचं पठार त्याला सरळ जाऊ देतं. अडचण होती ती सह्याद्रीची. तिथे इगतपुरी-कसाऱ्याच्या मध्ये सुमारे पावणेआठ किलोमीटरचा जोडबोगदा खणला आहे. ज्या घाटात १९९४ ला माझे तीन तास गेले, त्याच्या पोटातून आम्ही पाच-सहा मिनिटांत पार झालो. बोगद्यात दिवे सारखे मागे पळत होते. मी मुलाला काही बोलले नाही. बाहेर पडल्यावर त्यानंच विचारलं, ''आई, पाणी हवं का?''

या सरळपणाची किंमत काय, तेही सांगायला हवं. १० जिल्ह्यांमधल्या ३९२ गावांची जमीन या रेघेखाली गेली. सरळ रेघ शेताचा बांध बघत नाही, विहीर बघत नाही. आणि १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. वळण नसलेला, गाव नसलेला, चहाची टपरी नसलेला रस्ता डोळ्यांवर झापड आणतो. ताशी १२० च्या वेगानं एका सेकंदात गाडी ३३ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला तर शंभर मीटर. मुलाला मी दर दीड-दोन तासांनी गाडीतून उतरवत होते, त्याला आवडो न आवडो. तुम्हीही उतरा. अंतर कमी झालं आहे, तेव्हा दहा मिनिटं हातात असतात.

प्रवासात आईचे फोन चालू होते. तिची पद्धत ५० वर्षांची आहे. ती किलोमीटर विचारत नाही, गाव विचारते. पूर्वी आम्ही येणार असलो की ती सकाळी उठून घड्याळाकडे बघत मनातल्या मनात गाडीबरोबर यायची. अकोला गेलं असेल, मूर्तिजापूर, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा. मोबाइल आल्यापासून खात्री करून घेते. ''भुसावळ गेलं का? शेगाव गेलं का?'' या खेपेला मी म्हटलं, ''आई, भुसावळ लागत नाही इकडून.'' ती गप्प. समृद्धीवर गावच लागत नाही. पाटीवर नाव दिसतं, पण ते गाव कुठेतरी आत असतं. वैजापूर आलं, जालना आलं, सिंदखेडराजा, मेहकर. ''मेहकर?'' आईचा आवाज चढला. ''मेहकर कुठून आलं मधात?'' तिच्या डोक्यातल्या मुंबईच्या वाटेवर मेहकर कधी नव्हतंच. तिला वाटलं आम्ही वाट चुकलो. कारंजा आलं तेव्हा फोन लागला नाही. मग पाटी आली धामणगावची.

मी घाईनं फोन लावला. ''आई, धामणगाव.''

''आत्ता कसं!'' ती म्हणाली. तिच्या आणि आमच्या दोन्ही वाटा जिथे पुन्हा एकमेकींजवळ आल्या ते ठिकाण तिला सापडलं होतं. ''मग कुकर लावते. वरणभात होऊन थोडा निवेल, तेवढ्यात तुम्ही येता.''

हा तिचा जुना हिशेब. धामणगाव ते नागपूर रेल्वेनं सव्वाशे किलोमीटर, वाटेत पुलगाव, वर्धा, सेवाग्राम थांबत दोन तास, स्टेशनवरून घरी अर्धा तास. अडीच तासांत भात, वरण, पोळ्या, कोशिंबीर, सगळं व्हायचं आणि आम्ही हात-पाय धुऊन पाटावर बसायचो. या खेपेला धामणगाव मागे पडल्यापासून सव्वा-दीड तासात आम्ही फाटकापाशी होतो. कुकरची वाफ नुकती उतरत होती. पोळ्यांची कणीक भिजवलेली, तवा अजून चढायचा होता. आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि पहिलं वाक्य म्हणाली ते हेच, ''इतक्यात कशा आल्या वं तुम्ही?''

दुसऱ्या दिवशी रात्री मी कागद घेऊन बसले. समृद्धीवरून पूर्वीचे दोन-अडीच तास हवे असतील तर कुठलं गाव धरायला हवं, ते काढलं. गाडी ताशी १०५-११० नं जाते, मध्ये एक थांबा, शिवमडक्याहून घरी पाऊण तास. उत्तर कारंजा आलं. आईला सांगितलं. तिनं कॅलेंडरच्या मागच्या पानावर, जिथे दूधवाल्याचा हिशेब असतो, तिथे लिहून ठेवलं: कारंजा गेलं की कुकर.